चहा कमी करायचाय? आधी चहाचा पुडा मोजा

"चहा सोडला की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं. म्हणजे माझ्या शरीराला चहाची गरज आहे का?" "कॉफी बंद करून ग्रीन टी सुरू केला, तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, असं का?" "सातवा महिना लागलाय, दिवसाला किती कप चालतील?" आरोग्यावर लिहिणाऱ्या माणसाला हे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतात. विचारणारे वेगवेगळे असतात, पण बहुतेकांचा घोळ दोन ठिकाणी होतो. पहिला घोळ असा, की कॅफीन म्हटलं की कॉफीच डोळ्यांसमोर येते आणि दिवसभराचा चहा हिशेबातच धरला जात नाही. दुसरा असा, की पाडव्याला किंवा एक जानेवारीला निर्धार करून चहा एकदम बंद केला जातो, दुसऱ्या दिवशी डोकं धरतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आधण चढतं. मग "आपल्याच्याने होणार नाही" हे मनात पक्कं बसतं. खरं तर तुमचा निर्धार कमी पडलेला नसतो, फक्त पद्धत चुकलेली असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. धडधाकट प्रौढ माणसाने चहा-कॉफी पूर्ण सोडलीच पाहिजे असं काही नाही. बहुतेकांना कमी केली तरी पुरतं. काहींना मात्र ती खरोखरच कमी करावी लागते. तुम्ही त्यांच्यात आहात का, हे आधी पाहा.

किती चालतं?

आयसीएमआरच्या हैदराबाद इथल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा दिली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी ४०० आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचं प्रमाण सुरक्षित मानलं. आपल्यासाठी ३०० चा आकडा धरावा, आणि गरोदर बाईने २०० च्या आत राहावं, असं मला वाटतं.

राष्ट्रीय पोषण संस्थेने १५० मिलिलिटरच्या कपात किती कॅफीन असतं, तेही दिलं आहे:

- चहा: ३० ते ६५ मिलिग्रॅम
- इन्स्टंट कॉफी: ५० ते ६५ मिलिग्रॅम
- पूड उकळून किंवा फिल्टरने केलेली कॉफी: ८० ते १२० मिलिग्रॅम

चहाचे दोन्ही आकडे पाहा, वरचा खालच्याच्या दुपटीहून जास्त आहे. "मी फक्त चार कप घेतो" म्हणणाऱ्याच्या पोटात १२० मिलिग्रॅम जात असतील किंवा २६०. नुसत्या कपांवरून ते कळत नाही.

कप नको, पूड मोजा

आपल्याकडे चहा पूड टाकून उकळला जातो. कुणी रंग येईपर्यंत उकळतं, कुणी दोन-तीन उकळ्या काढतं. कप कधी बशीत ओतण्याएवढा असतो, कधी भलाथोरला मग. डब्यातला चमचाही तसाच, कुणी सपाट घेतं तर कुणी शिगोशीग भरून. म्हणून खात्रीचा हिशेब पुड्यावरूनच होतो.

कोरड्या चहापुडीत साधारण २ ते ४ टक्के कॅफीन असतं. मधला ३ टक्क्यांचा आकडा धरला तर १० ग्रॅम पुडीत ३०० मिलिग्रॅम होतं. बारीक दाण्याची सीटीसी पूड नीट उकळली की त्यातलं बहुतेक पाण्यात उतरतं. म्हणजे ढोबळ नियम असा: माणशी दिवसाला १० ग्रॅम पूड संपत असेल, तर तुम्ही मर्यादेवर आहात.

आता घरचा हिशेब करा. समजा, २५० ग्रॅमचा पुडा पंधरा दिवस जातो आणि चहा पिणारी माणसं दोनच आहेत. म्हणजे रोज साडेसोळा ग्रॅमच्या आसपास पूड, माणशी सव्वाआठ ग्रॅम, सुमारे २५० मिलिग्रॅम कॅफीन. मर्यादेच्या आतच आहे. पण त्यातला एक जण ऑफिसात टपरीवरचे दोन कटिंग घेत असेल, तर तो ३०० च्या पुढे गेला. घरात तो "मी दोनदाच घेतो" म्हणतो आणि खरंच बोलत असतो.

पुड्यावर आजची तारीख लिहा आणि तो संपेल तेव्हा दिवस मोजा. घरात वजनकाटा असेल तर तुमच्या नेहमीच्या चमच्याने दहा चमचे पूड वाटीत घेऊन तोला आणि दहाने भागा. एका चमच्यात किती ग्रॅम बसतात, ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

आणखी एक. दिवसभर सगळ्यांसाठी चहा टाकणारी घरातली बाई स्वतःचा कप मोजतच नाही. पातेल्यात उरलेला अर्धा कप, पाहुण्यांबरोबरचा घोट, दुपारी मुलांच्या वेळी पुन्हा थोडा. हा मोजमापाचा आठवडा तिनेही पाळावा. बरेचदा घरात सगळ्यात जास्त चहा तिच्याच पोटात जात असतो, आणि जेवणही तिचंच सगळ्यात उशिरा होतं.

कमी करणं कुणाला गरजेचं आहे?

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आया. गरोदरपणात शरीरातून कॅफीन जाण्याचा वेग मंदावतो. एरवी निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. शेवटच्या तीन महिन्यांत ते पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतं. सकाळचा कप रात्रीपर्यंत अंगात असतो, तो असा. आईच्या दुधातून थोडं कॅफीन बाळाकडेही जातं, आणि तान्ह्या बाळाच्या शरीरातून ते फार सावकाश जातं.

झोप न लागणारे. २०१३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन देऊन पाहिलं, तर झोप एक तासाहून अधिक घटली. "मला चहा पिऊनही झोप लागते" म्हणणाऱ्यांनी झोप किती गाढ लागते आणि सकाळी उठल्यावर कसं वाटतं, याकडे लक्ष द्यावं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात कॅफीन जवळपास दुप्पट वेळ टिकतं.

रक्त कमी असलेल्या स्त्रिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चहातले टॅनिन जेवणातलं लोह शरीरात मुरू देत नाहीत. इथे दोष कॅफीनचा नाही आणि चहा सोडायचीही गरज नाही, वेळ तेवढी बदलायची. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको, ही सूचनाही राष्ट्रीय पोषण संस्थेचीच. पोळी-भाजी आणि चहा हा सकाळचा नाश्ता कितीतरी घरांत ठरलेला असतो. तो चहा तासभर आधी घ्या.

छातीत धडधड, हाताला कंप, सतत बेचैनी, जळजळ, वारंवार लघवीची घाई, यांपैकी काही ज्यांना होत असेल, त्यांनीही चार आठवडे कमी करून फरक पाहावा.

एकदम सोडलं की डोकं का दुखतं?

दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्याने थकवा, पेंग येते. कॅफीन ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. रोजच असं झालं की मेंदू तशा आणखी जागा तयार करतो. मग एक दिवस कॅफीन आलं नाही, की त्या साऱ्या जागांवर ॲडिनोसिन येतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकतं. म्हणजे हे दुखणं गरजेचं नव्हे, सवय मोडत असल्याचं आहे.

शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत हा त्रास सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतो. डोकेदुखीबरोबर मरगळ, चिडचिड, कामात लक्ष न लागणं, कधी अंग मोडून आल्यासारखं वाटणं असतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्याला रीतसर विकार म्हणून जागा दिली आहे. रोज १०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन कप चहा घेणाऱ्यालाही तो होऊ शकतो. निर्जळी उपास, रमजानचे पहिले रोजे, शस्त्रक्रियेआधी उपाशी राहणं, या दिवसांतल्या डोकेदुखीमागे अनेकदा हेच असतं.

कमी कसं करायचं?

साधारण आठवड्याला पाव हिस्सा, हा वेग बहुतेकांना झेपतो. तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. परीक्षा, लग्नकार्य, लांबचा प्रवास, वर्षअखेरीचं काम असेल तर ते उरकू द्या.

१. पहिला आठवडा काहीही कमी करू नका, फक्त लिहा. वेळ, किती, कुठे आणि का घेतला. "का" महत्त्वाचं आहे. तलफ आली म्हणून, भूक लागली म्हणून, कुणी पुढे केला म्हणून, की चार माणसांत बसायचं म्हणून? आठवड्याने कळतं, की तलफेचे कप दोन-तीनच असतात.

२. तलफ नसलेले कप आधी काढा. समोर आला म्हणून घेतलेला चहा निम्मा करा, मग सोडा. भुकेच्या वेळी चहाआधी मूठभर शेंगदाणे-फुटाणे किंवा एखादं फळ खा. दुपारी चारचा चहा पुष्कळदा भुकेचाच असतो.

३. शेवटच्या कपाची वेळ अलीकडे आणा. दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास. झोपण्याआधी आठ तास मोकळे मिळाले की थांबा. अकराला झोपत असाल तर दुपारी तीननंतर चहा नको.

४. उरलेल्या कपांतली पूड कमी करा. दर चार-पाच दिवसांनी पाव चमचा. आलं, वेलची, गवती चहा, दूध, सगळं नेहमीसारखंच राहू द्या. रंग फिका दिसतो म्हणून जास्त वेळ उकळत बसू नका.

५. सकाळचा पहिला कप सर्वांत शेवटी. रात्रभरच्या खंडानंतरचा तो कप असतो. त्याला आधी हात लावला तर डोकं हमखास धरतं.

मध्येच डोकेदुखी सुरू झाली तर मागे जाऊ नका, पुढेही जाऊ नका. आहात त्या मात्रेवर तीन-चार दिवस काढा. एखाद्या दिवशी हळदीकुंकवाला नाहीतर लग्नघरी चार कप झाले, तर दुसऱ्या दिवशी ठरलेल्या मात्रेवर या. भरपाई म्हणून पूर्ण उपास करू नका.

एकत्र कुटुंबात चहाचं पातेलं एकच असतं आणि सगळ्यांची चव बदलणं तुमच्या हातात नसतं. तिथे पूड कमी करायचा आग्रह धरू नका. नेहमीचा चहा गाळून झाला की आपल्या कपात निम्माच घ्या आणि वरून गरम दूध किंवा पाणी घाला. कुणाला समजावत बसावं लागत नाही, आणि कॅफीन निम्मं होतं.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी नियम थोडा वेगळा. पाळीच्या पहिल्या अर्ध्यात चहा घ्या, उत्तरार्धात नको; नाहीतर सकाळी घरी जाऊन झोप लागत नाही. शक्य असेल तिथे पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घ्या. आणि तुम्ही ट्रक, बस किंवा टॅक्सी चालवत असाल, तर कपात सुट्टीच्या दिवसांपासून सुरू करा. मरगळीचे पहिले दोन दिवस गाडी चालवताना येऊ देऊ नका.

चहाऐवजी काय?

हातात गरम कप हवा असतो, हे मान्यच करा. गवती चहाची पात, आलं किंवा सुंठ, तुळस, धणे-जिरे यांच्या काढ्यात कॅफीन नसतं. उन्हाळ्यात कोकमाचं सरबत, पन्हं, ताक आहेच. कॉफीवाल्यांना चिकोरीचा आधार घेता येतो: चिकोरीत कॅफीन नसतं, आणि आपल्याकडच्या कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याच्या आसपास चिकोरी असू शकते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. शुद्ध कॉफीवरून ७०-३० वर, तिथून जास्त चिकोरीच्या मिश्रणावर आलात तरी मोठी पायरी उतरलात. डीकॅफ कॉफीत अगदी थोडं कॅफीन उरतं, ते चालेल.

ग्रीन टीबद्दल मात्र गैरसमज नको. तो चहाच्याच झाडाचा पाला आहे, त्यात कॅफीन असतंच. दिवसाला चार कप ग्रीन टी घेऊन "मी चहा सोडला" म्हणता येणार नाही.

काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी तो रोज घेऊ नये. जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो.

इथे फसगत होते

- डोकेदुखीची गोळी. सॅरिडॉनच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं, म्हणजे जवळपास एक कप चहा. दुखणं थांबतं, कारण सोडलेलं कॅफीनच परत मिळतं. दुखणं सहन होत नसेल तर डॉक्टरांना विचारून साधं पॅरासिटामॉल घ्या, पाकिटावर "कॅफीन" लिहिलेलं नाही हे पाहून. मिश्र वेदनाशामक गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस घेतल्या, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं.
- चहा गेला, कोला आला. लिंबू-सोडा वेगळा आणि कोला वेगळा. कोलात कॅफीन आहे, शिवाय साखर.
- साखर तशीच. कपाला दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. चार कपांची ४०. चहा कमी झाल्यावर त्याची जागा बिस्किटांनी किंवा गोड सरबताने घेतली तर काही कमावलं नाही.
- सिगारेट-बिडी आणि चहा एकत्र सोडणं. धुरामुळे कॅफीन शरीरातून जवळपास दुप्पट वेगाने जातं. धूम्रपान थांबलं की तेवढ्याच चहाने जास्त धडधड, जास्त बेचैनी होते, आणि ती तंबाखू सोडल्यामुळे झाली असं वाटतं. धूम्रपान सोडताना त्याच आठवड्यात चहा निम्मा करा, पण पूर्ण बंद करू नका. तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, हा परिणाम धुराचा आहे.

नाही कसं म्हणायचं?

चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं, अशी आपली समजूत आहे आणि ती खोटी नाही. म्हणून नकार देताना दुसरं काहीतरी मागा. "चहा नको, पण गरम पाणी द्या", "अर्धाच कप द्या, पण बसतो थोडा वेळ". "आत्ताच झाला" हे उत्तर टिकत नाही, त्यावर "मग अजून अर्धा" ठरलेलं असतं. वडीलधाऱ्यांकडे "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय" एवढं पुरतं, आणि मर्यादेपलीकडे जात असाल तर ते खोटंही नाही. ऑफिसात चहा आणणाऱ्या मामांना किंवा मावशींना एकदाच नीट सांगून ठेवा: सकाळचा द्या, दुपारचा मला ठेवू नका. टेबलावर आलेला कप परत पाठवण्यापेक्षा हे सोपं जातं. मित्रांबरोबर टपरीवर जाणं सोडू नका. जायचं, उभं राहायचं, बोलायचं, एक कटिंग दोघांत घ्यायचं.

मुलांना चहाची गरज नाही. "दुधाला रंग येण्यापुरता" म्हणून सुरू झालेला चहा दहाव्या वर्षी बिस्किटांबरोबर रोजचा होतो. घरात मोठ्यांनी कमी करायला घेतलंय, तोवर हेही थांबवता येईल.

औषधं चालू असतील तर

लिथियम घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता चहा-कॉफी बंद करू नये. कॅफीनमुळे लिथियम लघवीवाटे जातं. चहा थांबला की रक्तातलं लिथियम वाढून धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. क्लोझापिन चालू असतानाही कॅफीनच्या बदलाने औषधाची पातळी बदलते. दम्यासाठी थिओफायलिन चालू असेल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स सुरू असेल, तर नेहमीच्याच चहाने धडधड वाढू शकते.

थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढे अर्धा ते एक तास चहा नको. लोहाची गोळीही चहाबरोबर नको. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नका, नाहीतर आकडा फसवा येतो.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना तुमचे रोजचे कप सांगा. कोरा चहा किती वाजेपर्यंत चालेल हे त्यांनाच विचारा, स्वतः ठरवू नका. हातात पंधरा दिवस असतील तर आधीच कमी करायला घ्या.

लेबल वाचणं हा तुमचा हक्क आहे

एनर्जी ड्रिंकसाठी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम स्पष्ट आहे: लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन. म्हणजे २५० मिलिलिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५. त्याच्यावर जास्त कॅफीन असल्याची सूचना, दिवसाला ५०० मिलिलिटरहून अधिक पिऊ नये ही सूचना, आणि मुलांसाठी, गर्भवती व स्तनदा मातांसाठी, कॅफीन न सोसणाऱ्यांसाठी हे पेय नाही, ही सूचना असायलाच हवी. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी घालणार असल्याचं विधिमंडळात जाहीर केलं. शाळेच्या आसपास ती विकली जाताना दिसली, किंवा डब्यावर या सूचना नसतील, तर फोटो काढून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरूनही ती नोंदवता येते.

डॉक्टरांकडे कधी?

कपात सुरू केल्यानंतरची डोकेदुखी दहा दिवसांत गेली नाही, तर ती चहाची नाही असं समजून तपासून घ्या. एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, तापाबरोबर मान आखडणं, बोलण्यात किंवा हातापायात फरक, छातीत दुखणं यांतलं काहीही झालं, तर दहा दिवस थांबू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. गरोदरपणात पाचव्या महिन्यानंतर डोकं सतत दुखत असेल तर चहाला दोष देण्याआधी रक्तदाब मोजून घ्या.